शिष्यवृत्तीच्या अलीकडचे अंतर

परदेशी शिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुतेक पुण्या-मुंबईच्या घरांतून चालते. कोणता देश बरा, कर्ज किती काढायचे, तिकडे नोकरी लागेल का, मुलगा परत येईल का, एवढ्यातच ती फिरत राहते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतून पाहिले की हे प्रश्न फार पुढचे आहेत हे ध्यानात येते. २०११च्या जनगणनेत गडचिरोलीची लोकसंख्या सुमारे पावणेअकरा लाख होती आणि त्यात आदिवासी जवळजवळ ३९ टक्के. चंद्रपूरची लोकसंख्या बावीस लाख आणि आदिवासी १८ टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेल्या आदिवासी जमाती तीन, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांपैकी दोन या पट्ट्यात राहतात. या मुलांसाठी सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागांची. आदिवासी विकास विभागाची वेगळी योजना आहे. तिच्या जागा बरीच वर्षे अवघ्या दहा होत्या. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, तर आदिवासी मंत्रालयाच्या योजनेत वीस, त्यांतल्या तीन अतिअसुरक्षित जमातींसाठी राखीव. आणि तरीही आदिवासींच्या त्या दहा जागासुद्धा भरल्या नाहीत अशी वर्षे आहेत. जागा रिकाम्या राहिल्या की मुलांना रस नाही, पात्रता नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे होता येते. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. या सगळ्या योजना हातात प्रवेशपत्र आलेल्या विद्यार्थ्यापासून सुरू होतात; आणि एटापल्ली, भामरागड, जिवती, कोरपना इथल्या मुलाची दमछाक त्या प्रवेशपत्राच्या अलीकडेच होऊन गेलेली असते.

आजवर इथून कोण गेले आणि कसे गेले, हे आधी पाहू. चंद्रपूरचे राजाभाऊ खोब्रागडे इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, परत आले, रिपब्लिकन पक्षाचे नेते आणि पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली त्यामागे खोब्रागडे यांची खटपट होती. अलीकडच्या काळात कुरखेडा तालुक्यातील चिरचाडी गावचे भास्कर हलामी यांचे नाव २०२२ साली देशभर झाले. घरात खायला नसे तेव्हा मोहफुले शिजवून दिवस काढलेल्या कुटुंबातला हा मुलगा कसनसूरच्या आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकला, शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात गेला, गडचिरोलीत बीएस्सी, नागपूरच्या विज्ञान संस्थेत एमएस्सी, मग लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन आणि तिथून अमेरिकेच्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात पीएचडी. पुढे ते मेरीलँडमध्ये औषधनिर्मितीतले संशोधक झाले. कोरपना तालुक्यातील लखमापूरचे दीपक चटप यांना २०२२ साली ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली आणि ते लंडनच्या सोआस विद्यापीठात कायदा शिकायला गेले. त्यांचे सहकारी, गडचिरोलीचे वकील बोधी रामटेके यांना पुढे युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती मिळाली. या नावांचा अभिमान वाटतोच. पण ही यादी वाचताना एक गोष्ट सुटता कामा नये: यातला कोणीही जिल्ह्यातल्या महाविद्यालयातून थेट परदेशी गेलेला नाही. हलामी नागपूरमार्गे गेले, चटप आणि रामटेके पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयामार्गे. मोठ्या शहरात पाऊल टाकल्यावर तिथल्या वसतिगृहात, ग्रंथालयात, चहाच्या टपरीवर जे कानावर पडते, वरच्या वर्गातल्या मुलाने अर्ज कसा केला ते जे दिसते, ते जिल्ह्यात राहून दिसत नाही. परदेशाची वाट आधी नागपूर-पुण्याला जाते, आणि तो पहिला टप्पा ज्यांना जमला नाही त्यांचा विचार कोणत्याच योजनेत नाही.

अर्ज करायचा म्हणजे काय करायचे, तेही नीट मांडायला हवे, कारण न केलेल्याला ते एका कागदाचे काम वाटते. सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रासाठी तयारी त्याच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात सुरू करावी लागते. चेव्हनिंगची खिडकी ऑगस्टच्या सुमारास उघडते आणि शरदात बंद होते. इरॅस्मस मुंडसच्या बहुतेक अभ्यासक्रमांची मुदत ऑक्टोबर ते जानेवारी-फेब्रुवारीच्या दरम्यान संपते. अमेरिकी विद्यापीठांतील पीएचडीचे अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. त्याआधी आयईएलटीएस किंवा टोफेल ही इंग्रजीची चाचणी द्यायची, तिचा निकाल हातात हवा. त्याआधी पासपोर्ट हवा, कारण परीक्षेची नोंदणी पासपोर्टवर होते. आणि त्याही आधी पासपोर्ट लागतो हे ठाऊक असायला हवे. इकडे मात्र जुलै ते सप्टेंबर पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, वीज जाते, नेटवर्क जाते. ऑक्टोबर ते डिसेंबर धानाची कापणी आणि मळणी, आणि त्याच सुमारास विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा. घरात रोख पैसा येतो तो प्रामुख्याने तेंदूपत्त्याच्या हंगामात, म्हणजे एप्रिलअखेर आणि मे महिन्यात, जेव्हा बहुतेक मुदती उलटून गेलेल्या असतात. भामरागड किंवा सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाणच दीड-दोनशे किलोमीटर, तिथून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या घरात; रेल्वे स्थानक जिल्ह्यात एकच, वडसा. इंग्रजीच्या चाचणीसाठी नागपूर गाठायचे, अमेरिकी व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबई. शहरातला विद्यार्थी ज्या कामासाठी दुपारचे दोन तास काढतो, त्यासाठी इथे दोन मुक्काम आणि मजुरीचे दोन-तीन दिवस जातात. या अंतराची नोंद पात्रतेच्या कुठल्याही तक्त्यात होत नाही.

सगळ्यात जास्त मुले कुठे अडतात म्हणाल, तर कागदांत. नावापासूनच सुरुवात होते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव, आईचे नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर क्रम वेगळा. मडावी हे आडनाव दहावीच्या गुणपत्रिकेत व्हीने लिहिलेले, जातीच्या दाखल्यावर डब्ल्यूने, आत्रामच्या सुरुवातीला कुठे एक ए, कुठे दोन. आश्रमशाळेत पहिलीला नाव घालताना गुरुजींनी जे लिहिले ते कायम झालेले असते. गावात यामुळे कुणाचे अडत नाही. परदेशी विद्यापीठाच्या पडताळणीत मात्र हा वेगळा माणूस ठरतो आणि प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदल असे हेलपाटे सुरू होतात. मग ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला अधिकृत उतारा. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झाले. त्याआधी ही सगळी महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडे होती, त्यामुळे जुन्या पदवीधराला नागपूरच्या परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी उभे राहावे लागते. आणि शिफारसपत्रे! ही पत्रे हल्ली हातात मिळत नाहीत. विद्यापीठाचे पोर्टल प्राध्यापकांच्या संस्थेच्या ईमेलवर दुवा पाठवते आणि त्यांनी तिथे मजकूर भरायचा असतो. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणारे कित्येक जण तासिका तत्त्वावर नेमलेले. त्यांना संस्थेचा ईमेल नसतो, ते जीमेलवरच असतात, आणि पुढच्या वर्षी ते त्या महाविद्यालयात असतीलच असेही नाही. ज्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याला तीन वर्षे जवळून पाहिले त्याच्या शब्दाला अशा रीतीने वजन उरत नाही, आणि ज्या प्राचार्यांकडे अधिकृत ईमेल आहे त्यांना तो विद्यार्थी नावानेही आठवत नाही. त्यामुळे अशा अर्जांबरोबर जाणारी पत्रे ‘हा विद्यार्थी मेहनती व सुस्वभावी आहे’ या दोन ओळींच्या पुढे जात नाहीत. तिकडे निवड करणारा अशा दोन ओळी वाचून अर्ज बाजूला ठेवतो, यात त्याचाही दोष नाही.

शिष्यवृत्तीसाठी याच्या जोडीला जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा भक्कम मानला जातो. ज्या घरात पहिल्यांदा शाळेत गेलेली पिढी आजच्या विद्यार्थ्याच्या वडिलांची आहे, तिथे १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला येणार कुठून? मग तहसिलात कोतवाल पंजीची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल शोधायची, जुनी मोडकळीस आलेली वही सापडली तर सापडली. खोटे दाखले रोखायला हवेत हे मला पूर्ण मान्य आहे. खऱ्या आदिवासींच्या जागा बनावट दाखल्यांनी किती खाल्ल्या हे या जिल्ह्यांना कुणी सांगायला नको. पण ही पडताळणी बारावीनंतर प्रवेशाच्या घाईत किंवा शिष्यवृत्तीच्या तोंडावर करण्याऐवजी शाळेत असतानाच पुरी झाली, तर एक डोंगर आधीच ओलांडलेला असेल.

पैशाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सगळ्यांना आधी दिसतो आणि म्हणून बाकीचे झाकले जाते. इंग्रजीच्या चाचणीचे शुल्क सतरा-अठरा हजारांच्या घरात. अमेरिकी विद्यापीठाचा एकेक अर्ज सहसा साठ ते शंभर डॉलरचा. जर्मनीला जायचे तर १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे आहे, त्याचे अठरा हजार रुपये. हे सगळे पैसे निवड होण्याआधी द्यायचे असतात आणि निवड झाली नाही तर बुडतात. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, म्हणून तो देश गरिबाचा पर्याय असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण व्हिसासाठी बंद खात्यात एका वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. आजच्या दराने बारा लाखांच्या आसपास. बँकेकडे जावे तर विनातारण कर्ज साधारण साडेसात लाखांपर्यंत. त्यापुढे तारण हवे, आणि इथे या जिल्ह्यांची एक खास अडचण उभी राहते. वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारशाने जाते, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. आदिवासीची खातेजमीनही बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून महसूल संहितेचे संरक्षण आहे. ती संरक्षणे योग्यच आहेत, ती सैल करा असे मी म्हणणार नाही. पण त्यांचा अर्थ असा होतो की ज्या कुटुंबाची सगळी संपत्ती म्हणजे वनपट्ट्याची तीन एकर जमीन, त्याला शिक्षणकर्जाचा रस्ता जवळपास बंद आहे. म्हणून या मुलांसाठी शिष्यवृत्ती हाच एकमेव मार्ग उरतो, आणि म्हणून ती कशी आखली आहे याला अधिक महत्त्व येते.

ती आखणी तपासून पाहिली की तीन दोष ठळक दिसतात. पहिला क्रमवारीचा. राज्य आणि केंद्र दोघेही क्यूएस या संस्थेच्या जागतिक विद्यापीठ-क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आतल्या विद्यापीठालाच मान्यता देतात; केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची मर्यादा पाचशे, राज्याची त्याहून बरीच कडक. सार्वजनिक पैसा चांगल्या ठिकाणी जावा, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण भास्कर हलामी ज्या मिशिगन टेकमधून डॉक्टरेट झाले ते विद्यापीठ या क्रमवारीत पाचशेच्या आत नाही, म्हणजे आजच्या निकषावर तो प्रवेश बाद ठरला असता. लंडनचे सोआस एकूण क्रमवारीत तीनशेच्या बाहेर, पण विकास अभ्यासात जगातल्या पहिल्या दहात. जंगल, जमीन, आरोग्य, आदिवासी कायदा अशा विषयांत उत्तम काम करणारे विभाग कित्येकदा मधल्या क्रमांकाच्या विद्यापीठांत असतात, आणि एकूण क्रमवारी त्यांना न्याय देत नाही. दुसरा दोष वेळेचा. विद्यापीठे सप्टेंबरात सुरू होतात आणि निवड यादी लागेपर्यंत अनेकदा सत्राची घंटा वाजलेली असते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये १०६ विद्यार्थी निवडले आणि तात्पुरती पत्रे त्यांतल्या ४० जणांनाच दिली. उरलेल्यांची पत्रे निधी उपलब्ध होईल त्याप्रमाणे, असे कळवले. ज्याच्या घरी पन्नास हजार उसने मिळण्याची सोय नाही त्याने ऑगस्टमध्ये अशा पत्राचे काय करायचे? तिसरा दोष रकमेचा. राष्ट्रीय योजनेत ब्रिटनसाठी निर्वाहभत्ता वर्षाला ९,९०० पौंड. जानेवारी २०२५ पासून ब्रिटनच्या व्हिसा नियमांनी लंडनमध्ये राहायला महिन्याला १,४८३ पौंड धरले, म्हणजे नऊ महिन्यांचे १३,३४७; लंडनबाहेर १,१३६, म्हणजे १०,२२४. त्या देशाचे सरकार नऊ महिन्यांना जेवढे किमान मानते तेवढेही आपण बारा महिन्यांना देत नाही. हा प्रश्न नवा नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली डॉ. आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते आणि तो पुन्हा सुरू करायला १९२० उजाडले. त्या वेळी मदत करणाऱ्यांत शाहू महाराज होते. ज्यांच्या नावाने राज्याची योजना आहे त्यांना मुदती आणि रकमांचा अर्थ ठाऊक होता.

याखेरीज वेळोवेळी बदलणारे नियम. २०२४ साली राज्याने सगळ्या परदेशी शिष्यवृत्त्यांना एकच धोरण लावताना ७५ टक्के गुणांची अट घातली. पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला ३० लाख आणि पीएचडीसाठी ४० लाखांची मर्यादा आणली. विद्यार्थी संघटनांनी विरोध केल्यावर गुणांची अट मागे घ्यावी लागली. मागे घेतली हे बरे झाले. पण ज्याने ती जाहिरात वाचून अर्जच केला नाही त्याला तो बदल कळवायला कोणी गेले नसणार. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय शिष्यवृत्तीतून वगळले, ती गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत दुःखद वाटते. असे विषय भारतात राहूनच शिकावेत, असा त्यामागचा तर्क. वरवर पटतो. पण दलित किंवा भटक्या समाजातल्या मुलाजवळ जगाला सांगण्यासारखे जे सर्वांत मोलाचे आहे, म्हणजे आपल्या समाजाची आतून झालेली ओळख, नेमके तेच या एका ओळीने अपात्र ठरवले.

ही ओळख किती मोलाची आहे, हे या दोन जिल्ह्यांइतके क्वचितच कुठे दिसेल. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातले पाचगावही त्या वाटेने गेले. गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. जंगलाचा कारभार गावाने करायचा म्हणजे काय, याचा एवढा मोठा प्रयोग जगात थोड्याच ठिकाणी चालला असेल. सुरजागडचे लोहखनिज, ताडोब्याच्या भोवतालचा माणूस आणि वाघ यांचा रोजचा झगडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्राची आणि कोळसाखाणींची हवा, मलेरिया, सिकलसेल: पर्यावरण, सार्वजनिक आरोग्य, कायदा, भाषाशास्त्र यांतल्या कोणत्याही विभागाला हे विषय हवेच आहेत. गोंडांवर आणि माडियांवर लिहिलेली जुनी प्रमाणग्रंथसंपदा ग्रिगसन, एल्विन, फ्यूरर-हायमेनडॉर्फ अशा बाहेरून आलेल्यांची आहे, आणि हायमेनडॉर्फ यांचा संग्रह लंडनला सोआसमध्ये आहे. त्याच विषयावर माडिया बोलणाऱ्या मुलीने लिहिलेला एसओपी, म्हणजे अर्जासोबतचे उद्देशपत्र, निवड समितीपुढे गेला तर तो वेगळा दिसणारच. तो जात नाही, कारण एसओपी कसा लिहितात हे ती इंटरनेटवरच्या नमुन्यांवरून शिकते आणि ‘लहानपणापासून मला संगणकाची आवड होती’ असल्या वाक्यांनी आपलीच गोष्ट पुसून टाकते. ग्रामसभेच्या बैठकीचे इतिवृत्त तिने लिहिलेले असते, तेंदू संकलनाचा हिशेब ठेवलेला असतो, दवाखान्यात माडियातून मराठीत आणि मराठीतून माडियात बोलणे पोचवलेले असते. हे अनुभव मोजण्यासारखे आहेत, हे तिला कुणी सांगितलेले नसते.

आता आक्षेपांकडे. हुशार मूल कुठूनही वाट काढते, हलामींनी काढली, मग एवढी तरफदारी कशाला, असे म्हणणारे आहेत. हलामींनी ती काढली यात त्यांचे कर्तृत्व अफाट आहे. पण त्यांच्या वाटेवर सरकारी आश्रमशाळा, शिष्यवृत्ती परीक्षा, शासकीय विद्यानिकेतन, नागपूरची सरकारी विज्ञान संस्था अशा पायऱ्या होत्या आणि त्या सगळ्या सार्वजनिक पैशाने बांधलेल्या होत्या. एकट्याच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून ते नाव घेणाऱ्यांनी त्या पायऱ्या मोजाव्यात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आश्रमशाळांत शिक्षक पुरे नाहीत, विज्ञानाची प्रयोगशाळा नाही, सातवीतल्या मुलाला धड वाचता येत नाही, अशा वेळी परदेशाच्या गोष्टी करणे ही चैन नाही का? शाळांची ही दुर्दशा खरी आहे आणि तिला प्राधान्य हवेच. मात्र हा आक्षेप शिष्यवृत्तीच्या विरुद्ध जातो तसा मी मागतो आहे त्या, म्हणजे अर्ज करण्यापुरत्या, मदतीविरुद्ध जात नाही. चाचणी, दोन-तीन अर्ज, पासपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट, प्रवास असे धरून एका विद्यार्थ्याचा अर्जाचा खर्च पन्नास हजारांपर्यंत जाईल. शिष्यवृत्तीच्या कमाल मर्यादेतील एका विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या ३० लाखांत साठ मुलांचे अर्ज होतात. त्या साठांतले बहुतेक परदेशी जाणार नाहीत. पण इंग्रजी चाचणी दिलेली, संशोधनाचा प्रस्ताव लिहिलेली, कागदपत्रे सरळ झालेली ही मुले मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, आयआयटीत, केंद्रीय विद्यापीठांत अर्ज करायलाही तयार झालेली असतील.

ही मुले परत येणार नाहीत, असेही म्हटले जाते. काही येणार नाहीत, हे मान्य केलेले बरे. तरी या भूमीचा अनुभव एकतर्फी नाही. अभय आणि राणी बंग यांनी १९८४ साली अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि पुढे गडचिरोलीत येऊन ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था उभी केली. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचे त्यांचे संशोधन १९९९ साली लॅन्सेटमध्ये आले आणि त्यातून देशाचे धोरण बदलले. बाहेर शिकलेली संशोधनाची शिस्त आणि इथला प्रश्न एकत्र आले म्हणून ते घडले. खोब्रागडे परतले होतेच. चेव्हनिंगच्या अटीतच मायदेशी दोन वर्षे परतणे आहे. आणि मला एक विचारायचे आहे: पुण्या-नागपुरातल्या सरकारी अनुदानावर शिकलेल्या अभियंत्याने विमान पकडले तर त्याला परत कधी येणार असे कुणी सरकारी खात्यातून विचारत नाही, हा हिशेब गरिबाच्या मुलाकडूनच का मागितला जातो? जग दारे लावून घेत आहे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, ऑस्ट्रेलियाने व्हिसाशुल्क जुलै २०२५ मध्ये २,००० ऑस्ट्रेलियन डॉलरवर नेले, अमेरिकेने त्याच वर्षी मे-जूनमध्ये काही आठवडे नव्या मुलाखती थांबवल्या. पण या कडकपणाचा मार प्रामुख्याने कर्ज काढून, नोकरीच्या भरवशावर जाणाऱ्यांवर बसतो. पूर्ण निधीची पीएचडी, इरॅस्मस, चेव्हनिंग यांच्या जागा थोड्या असल्या तरी अजून चालू आहेत, आणि या जिल्ह्यांतल्या मुलांनी डोळा ठेवायचा तो त्यांच्यावरच.

खासगी सल्लागार आहेतच की, असे कोणी म्हणेल. नागपुरात ते आहेत, आता चंद्रपुरातही फलक दिसतात. त्यांच्या धंद्याचे गणित पाहिले की भरवसा ठेवता येत नाही: त्यांतल्या अनेकांना दलाली विद्यापीठाकडून मिळते, त्यामुळे पूर्ण शुल्क भरणारा विद्यार्थी त्यांच्या कामाचा, पूर्ण निधीची पीएचडी किंवा जर्मनीतील विनाशुल्क पदवी सुचवण्यात त्यांचा काही फायदा नसतो. या पोकळीत काम करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात उभ्या राहत आहेत हे आशेचे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे यांनी यवतमाळातून सुरू केलेली ‘एकलव्य’ पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांचे अर्ज लिहून घेण्यापासून मुलाखतीपर्यंत सोबत करते. केंद्रे स्वतः चेव्हनिंगवर सोआसला गेलेले. चटप, रामटेके यांची ‘पाथ’ ही संस्था कायद्याच्या क्षेत्रात याच भागात उभी आहे. तरीही स्वयंसेवी संस्था किती मुलांपर्यंत पोचणार? आणखी एक घडामोड याच भागातली आहे: गोंडवाना विद्यापीठ, लॉईड्स मेटल्स आणि ऑस्ट्रेलियाचे कर्टिन विद्यापीठ यांचा खाणकाम-शिक्षणासाठी झालेला करार. परदेशी विद्यापीठ गडचिरोलीशी जोडले गेले, याचे स्वागत करायला हवे. पण जिल्ह्यातून परदेशाकडे जाणारा पहिला पक्का रस्ता खाणीतून जावा आणि जंगल, आरोग्य, कायदा, भाषा यांच्यासाठी तसा एकही नसावा, हे मला बरोबर वाटत नाही. खाण चालवणारे शिकतील तसे खाणीचा परिणाम मोजणारेही शिकायला हवेत, आणि तेही इथलेच असावेत.

करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले महागडे थोडे. गोंडवाना विद्यापीठाने एक कायमचा अर्ज-कक्ष उघडावा, ज्यात ट्रान्सक्रिप्ट ठरलेल्या दिवसांत मिळेल आणि संलग्न महाविद्यालयांतल्या प्रत्येक शिक्षकाला, तासिका तत्त्वावरच्यांनाही, विद्यापीठाचा ईमेल दिला जाईल. भामरागड, अहेरी आणि गडचिरोलीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांकडे चाचणी, पासपोर्ट आणि अर्जशुल्कासाठी आगाऊ निधी असावा, पावती दाखवून नंतर परत मिळणारा नव्हे, कारण आधी घालायला पैसे असते तर प्रश्नच नव्हता. जात पडताळणी अकरावीतच पुरी व्हावी. राज्याच्या जाहिराती मे-जूनऐवजी आदल्या नोव्हेंबरात निघाव्यात आणि निकाल एप्रिलपूर्वी लागावेत. एकूण क्रमवारीच्या जोडीला विषयवार क्रमवारी मान्य व्हावी आणि पूर्ण निधी देणाऱ्या पीएचडीला तर क्रमवारीची अटच नसावी, कारण तिथे सरकारला द्यावा लागतो तो फार तर विमानाचा खर्च. केंद्राने २०२२ची ती विषयबंदी उठवावी. यातले ईमेलचे काम तर विद्यापीठाच्या संगणक विभागाला या सत्राच्या सुट्टीत करता येईल, आणि येत्या डिसेंबरच्या अर्जांना त्याचा उपयोग होईल.